पगारातून कापलेले ते दोनशे रुपये

महिन्याच्या सुरुवातीला घरखर्चाची वही उघडताना 'ह्यांच्या' पगाराची चिठ्ठी तुम्हीही पाहत असाल. तीत 'व्यवसाय कर' असा एक आकडा असतो. महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. बरीच वर्षं मी त्यावर नुसती कुरकुर करीत असे. तेवढ्यात गॅसचे दोन सिलिंडर तरी आले असते! (माझ्या अर्धवेळ शिकवणीच्या पगारातून मात्र तो जात नाही. २०२३ पासून दरमहा २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे.)

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि या झाडाखाली धाकट्या भावाला घेऊन बसायच्या. "सुकडी मिळायची ताई, तिच्यावरच जगलो आम्ही."

१९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. दुष्काळ सरला, पण विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी धरलेला आग्रह सुटला नाही. काम ही दुष्काळापुरती मेहेरबानी नको, खेड्यात जो मागेल त्याला ते मिळालंच पाहिजे! हीच रोजगार हमी. आता त्यासाठी पैसा कुठून आणायचा? तर १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर हा कर बसला. तितकीच भर सरकारने घालायची. हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ साली देशभरासाठी १०० दिवसांच्या कामाचा कायदा झाला, तो याच वाटेने.

बायकांच्या दृष्टीने यात मोठी गोष्ट होती. शेतावर बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमीच. इथे मजुरी कामाच्या मापावर, आणि दर दोघांना एकच. मस्टरवर नावही तिचं स्वतःचं. मावशींच्या आईने त्या पैशांतून दोन शेळ्या घेतल्या. नवऱ्याला न विचारता, हे मावशी अजून कौतुकाने सांगतात.

लग्नानंतर मावशीही पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागल्या. मग गाव का सोडलं? तर एका वर्षी मोजमाप घ्यायला कोणी वेळेवर आलंच नाही. सात आठवडे मजुरी अडकली, दुकानदाराने उधारी बंद केली, आणि दोघं नवराबायको पोरांना घेऊन इथे आली.

परवा मी त्यांना 'ह्यांच्या' पगाराची चिठ्ठी दाखवली. म्हटलं, हे बघा, तुमच्या कामासाठी म्हणून हे पैसे कापायला लागले. त्यांनी ओला हात पदराला पुसला, चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"दर महिन्याला कापत्यात?"

"हो, न चुकता."

"मग आमचं सात आठवडं कशानं अडलं, ताई?"

मला काही सांगता आलं नाही.