तारेने खुनी ‘पकडला’?

‘तारेने पकडलेला पहिला खुनी’ ही गोष्ट मी आजवर अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी शेवट तोच: खुनी स्टेशनवर उतरला आणि बेड्या पडल्या. हा शेवट साफ चुकीचा आहे.

१ जानेवारी १८४५. इंग्लंडमध्ये स्लाऊजवळच्या सॉल्ट हिल इथे सारा हार्ट विषाने गेली. संशयित जॉन टॉवेल संध्याकाळी ७.४२च्या गाडीने लंडनला निघाला. रुळांच्या कडेने पॅडिंग्टनपर्यंत तार होती. एका स्टेशनवरून गाडी सुटली की पुढच्या स्टेशनला ती पोचायच्या आत कळतं, तसाच हा निरोप गाडीच्या पुढे गेला. त्यात टॉवेलचा डबा सांगितला होता, पायघोळ तपकिरी कोट सांगितला होता आणि क्वेकर पंथाचा वेशही. यंत्रात ‘क्यू’ अक्षरच नसल्याने ‘क्वेकर’ चक्क ‘के’ने पाठवावं लागलं.

आता पुढचं नीट वाचा. पॅडिंग्टनला टॉवेलला कुणी हातही लावला नाही. रेल्वे पोलिसांतल्या सार्जंट विल्यम्सने गणवेशावर साधा कोट चढवला आणि टॉवेल ज्या घोड्यांच्या बसमध्ये चढला तिच्यातच तोही चढला. टॉवेलने त्यालाच कंडक्टर समजून भाडं दिलं! विल्यम्सने त्याचा मुक्काम हेरून ठेवला. अटक झाली दुसऱ्या दिवशी, एका कॉफी हाऊसमध्ये. पटत नसेल तर खटल्याचे तेव्हाचे छापील वृत्तांत काढून पाहा. न्यायालयातही तारेवर भागलं नाही. साराच्या पोटात प्रुसिक आम्ल हे विष सापडलं होतं. ते सफरचंदाच्या बियांमधून आलं असेल, असा बचाव वकिलाने केला. ज्यूरीने तो मानला नाही. २८ मार्च १८४५ला टॉवेल फासावर गेला.

आणखी काही गैरसमज. ती तार मोर्सची ‘कडकट्ट’ नव्हती. कुक आणि व्हीटस्टन यांच्या यंत्रात सुया डावी-उजवीकडे वळत, त्यावरून अक्षर ओळखायचं. बिनतारी संदेशामुळे सापडलेला दुसरा खुनी, डॉ. क्रिपन, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला नाही: राणी १९०१ मध्ये वारली, तो पकडला गेला १९१० मध्ये. आणि भारतात तार १८५७च्या उठावामुळे आली, हेही खोटं. कलकत्ता ते डायमंड हार्बर तार १८५१ मध्येच सुरू झाली होती.

मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, पण सार्जंट विल्यम्सला तिच्यातून वगळू नका.