धाप थांबली, पण सूज गेली का?

बचत गटाच्या बैठकीत हप्ते आणि कर्जाबरोबर आजारपणाच्या गोष्टीही निघतातच. होळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, "आता धाप लागत नाही, म्हणून दम्याचा पंप बंद केला. उगाच सवय लागायची." पुढे काही दिवसांतच एका रात्री त्यांची छाती भरली. रिक्षा करून दवाखाना गाठावा लागला. नंतर आम्ही दोघी-तिघी त्यांच्यासोबत शहरातल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे जे समजलं, ते आज सांगतो.

दम्यात दोन गोष्टी होतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि नलिकांना आतून सूज येते. स्नायू आवळले की घरघर होते, धाप लागते. सूज मात्र बरं वाटत असतानाही आत राहू शकते. चुलीतला जाळ विझला तरी राखेखाली निखारा असतो, तसंच. धूळ, धूर, सर्दी असं काही निमित्त झालं की पुन्हा भडका.

म्हणून औषधंही दोन तऱ्हेची. सालब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत नलिका मोकळ्या करतो, पण सूज उतरवत नाही. सूज उतरवतं ते स्टिरॉइडचं औषध. ते लगेच जाणवत नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं तसं नियमित घ्यावं लागतं. काही पंपांत दोन्ही प्रकारची औषधं एकत्र असतात. आपला पंप कोणता, हे विचारून घ्या.

ही सूज ओळखायला मदत करणारी तपासणी म्हणजे 'फेनो'. आपल्या सगळ्यांच्याच श्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोडा असतो. अॅलर्जीच्या प्रकारची सूज असली की तो वाढतो. यंत्राच्या नळीत साधारण दहा सेकंद एकसारखी फुंकर घालायची. जोर लावायचा नाही; साबणाचा फुगा करताना घालतो तशी सावकाश. सुई नाही, रक्त नाही. मोठ्या माणसांत आकडा 25 पेक्षा कमी असेल तर अशी सूज असण्याची शक्यता कमी, 50 च्या वर असेल तर जास्त. मुलांसाठी हेच आकडे 20 आणि 35 आहेत.

तपासणीआधी तासभर खाऊ-पिऊ नये, तंबाखू-विडी घेऊ नये. पालक, बीट खाल्ल्यानेही आकडा वाढू शकतो. सर्दी असेल तर सांगावं. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.

त्या दिवशी ताईंना धाप नव्हती, तरी आकडा 64 आला. त्या म्हणाल्या, "म्हणजे मला बरं वाटत होतं, पण मी बरी नव्हते." डॉक्टरांनी पंप ओढायची पद्धत सुधारून दिली. तीन महिने नियमित घेतल्यावर आकडा 28 वर आला.

पण नुसत्या आकड्यावर दमा ठरत नाही. अॅलर्जीच्या सर्दीनेही तो वाढतो, विडी-सिगारेटने कमी दिसतो, आणि काहींचा दमा असूनही आकडा कमी येतो. म्हणून डॉक्टर तो लक्षणं आणि फुंकण्याच्या इतर तपासण्यांबरोबर पाहतात. हे यंत्र सगळीकडे नसतं, त्यामुळे आधी चौकशी करा, खर्चही विचारा. यंत्र नसलं तरी उपचार अडत नाहीत.

पंपाची नशा लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून टाका. मुलीचं लग्न ठरत नाही म्हणून तिचा पंप लपवू नका. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर एकमेकींना एवढं विचारूया: पंप चालू आहे ना?