टूटी किती टाकायचं? सायलेन्सर मोकळा केलेल्या चेनसॉचा हिशोब



सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. तेव्हापासून डही-निसरपूरकडच्या काठाला एक दुखणं लागलं आहे, पाण्यात वाळून उभी राहिलेली झाडं. पाणी चढलं की खोडं दिसत नाहीत आणि जाळं फाटतं. म्हणून पाणी उतरल्यावर परवानगी काढून ती कापायला, शिवाय नावेच्या लाकडाला, बऱ्याच घरांत चेनसॉ आली.

गेल्या उन्हाळ्यात माझीच मशीन जाम झाली. ताकद वाढावी म्हणून सायलेन्सर मोकळा करून घेतला होता. जास्त तापेल म्हणून टूटी अंदाजाने दुप्पट ओतलं. थोड्या वेळात आवाज चढला आणि मशीन बंद. उघडून पाहिलं तर पिस्टनवर ओरखडे.

चूक कुठे झाली? चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमधलं तेलच बेअरिंग, पिस्टनला लागतं. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन जास्त हवा ओढतं, त्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि ते तापतं. त्यात तेल वाढवलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल आणखी घटतं. म्हणजे थंड व्हायच्या ऐवजी जास्त तापतं! अशा मशीनला आधी कार्बोरेटरचा 'एच' स्क्रू जाणकाराकडून थोडा उघडून घ्यायचा. तेलाचा नंबर त्यानंतर.

माप लिहून ठेवा. ५ लिटर पेट्रोलला:
१:५० – १०० मिली
१:४० – १२५ मिली
१:२५ – २०० मिली

चांगल्या कंपन्यांच्या मशीनला त्यांच्या दर्जाच्या तेलासोबत १:५० चालतं. स्वस्त मशीनवर बहुतेक १:२५ लिहिलेलं असतं, तेच पाळा. मोकळ्या केलेल्या मशीनला चांगलं तेल घेऊन १:४० ठेवलं तर सुरक्षित. मापाची बाटली वापरा, झाकणाने मोजू नका.

तेल कोणतं? चेनसॉ हवेवर थंड होते, तिला डब्यावर 'जासो एफडी' लिहिलेलं टूटी घ्या. नावेच्या पाण्यावर थंड होणाऱ्या आउटबोर्ड मशीनचं 'टीसी-डब्ल्यू३' तेल चेनसॉत टाकू नका. ते एवढ्या तापमानासाठी नसतं. डिझेल इंजिनचं तेल तर अजिबात नाही. चेनवर पडणारं तेलही वेगळं. जळकं तेल चेनला लावलं तर ते उडून पाण्यातच जातं, आणि मासा आपलाच आहे.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, रबरी पाइप आणि पडदा खराब करतं. म्हणून महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा. १६ जून ते १५ ऑगस्टच्या बंदीत मशीन ठेवताना टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

शेवटचं: मिश्रणाच्या डब्यावर रंगाने 'मिक्स' लिहा. साधं पेट्रोल चुकून टाकलं तर काही मिनिटांत मशीन जाते. तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल भरू नका, आणि तरंगत्या नावेत उभं राहून खोड कधीच कापू नका.

कुणाला माप समजलं नाही तर मशीन आणि डबा घेऊन संस्थेत या. बसून बघू.

– आपला सचिव