पाहुण्यांचा मुक्काम आणि घरातील मौन : दोन नाटकांचा तौलनिक विचार

सुट्टीतील प्रेमाच्या नाटकात मुक्कामाची मुदत आधीच ठरलेली असते. चेखॉव्हच्या ‘अंकल वान्या’त पाहुणे येतात, घरातील मने ढवळून काढतात आणि निघून जातात. भारतीय नाटकात असा मुक्काम बहुधा एखाद्या कार्याच्या निमित्ताने घडतो. ‘चार दिवसांसाठी कशाला वाद’ ही वृत्ती त्या मुदतीतच मौनाला आश्रय देते. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (पहिला प्रयोग १९८५) आणि गिरीश कार्नाड यांचे ‘वेडिंग अल्बम’ (प्रकाशन २००९) यांच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट करता येते. कार्नाडांचे वास्तव्य बंगळुरात बनशंकरीलगतच्या जे. पी. नगरात होते. त्यांचे नाटक मात्र धारवाडच्या सारस्वत घरात घडते.

‘वाडा चिरेबंदी’त तात्याजींच्या मृत्यूनंतर सुधीर व अंजली मुंबईहून धरणगावी येतात. तेराव्याचा खर्च, वाटण्या आणि प्रभाचे अडलेले शिक्षण यांविषयीची कटुता आडवळणाच्या बोलण्यातून झिरपत राहते. रंजू दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरांबरोबर मुंबईला पळून जाते, तेव्हा वाड्याची पोकळ प्रतिष्ठा उघडी पडते. येथे प्रेम हे केवळ निमित्त ठरते. दडवलेले असते ते दारिद्र्य.

‘वेडिंग अल्बम’मध्ये विदुलाच्या लग्नासाठी तिची थोरली बहीण हेमा ऑस्ट्रेलियाहून माहेरी येते. शेजारचा विवान हा किशोरवयीन मुलगा तिला प्रेमपत्रे देतो. त्यातून तिच्या मनात उठलेली खळबळ घरात कोणाजवळही बोलता येत नाही. भाऊ रोहितचे ख्रिस्ती तरुणीवरील प्रेमही स्वजातीय स्थळापुढे मागे पडते. स्वयंपाकीण राधाबाईंनी मुलीची हकीकत पोटातच ठेवलेली असते. परदेशातील वराला पाठवण्यासाठी केलेल्या विदुलाच्या चित्रफितीत घराची केवळ देखणी बाजूच दिसावी, ही सर्वांची धडपड असते. येथे जपायची असते ती प्रतिमा.

दोन्ही मौनांचा आशय असा भिन्न असला, तरी त्यांची सामाजिक विभागणी सारखी आहे. पाहुण्याला परतीची वाट असते, राहणाऱ्याला नसते. म्हणून न बोललेल्या गोष्टींचा भार प्रभा, वहिनी, राधाबाई यांच्यासारख्या घरातच उरणाऱ्या स्त्रियांवर पडतो. अशा नाटकांचा अभ्यास करताना कोणाचे प्रेम सफल झाले, यापेक्षा पाहुणे गेल्यानंतर घरात कोण उरले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.