अर्धवट राहिलेली दुर्बीण तपासणी

फळ्यावर मोठे आतडे काढताना आपण चौकट काढतो: उजवीकडून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली. लांबी सुमारे दीड मीटर. पोटात मात्र ही चौकट इतकी नीटनेटकी नसते. आडवा भाग लोंबतो, डावीकडचा शेवटचा भाग नागमोडी व सैल असतो. त्यामुळे गुदद्वारातून घातलेली लवचीक दुर्बीण कधी कधी पुढे सरकण्याऐवजी वेटोळे घेते. पायजम्याच्या नेफ्यात नाडा पिनेशिवाय नुसता ढकलून पाहा. अडचण मुलांच्या लगेच लक्षात येईल.

दुर्बीण थांबण्याची इतरही कारणे आहेत. पोट पुरते साफ झालेले नसते, जुन्या शस्त्रक्रियेमुळे आतडी चिकटलेली असतात किंवा वाटच अरुंद झालेली असते. मग अहवालात येते, 'पाहिलेल्या भागात दोष नाही', आणि घरी सांगितले जाते, 'काही निघाले नाही'. ही दोन वाक्ये एक नव्हेत.

दुर्बीण डावीकडून शिरते, म्हणून पाहायचा राहतो तो बहुधा उजवा भाग. तिथे मल पातळ असतो. गाठ वाढली तरी लवकर अडथळा होत नाही. रक्त मलात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. फक्त हिमोग्लोबिन उतरते, दम लागतो. रक्त कमी का झाले हे शोधायला गेलेल्या माणसाचा नेमका संशयाचा भाग असा न पाहिलेलाच राहू शकतो.

पुढे काय, हे तपासणी का थांबली यावर ठरते. पोट साफ नसेल तर अधिक काटेकोर तयारीने पुन्हा दुर्बीण. वेटोळे पडत असेल तर अधिक अनुभवी हात, वेगळी दुर्बीण किंवा सीटी कोलोनोग्राफी. हिच्यात आतड्यात वायू भरून सीटी स्कॅनने चित्रे घेतात. आतडे साफ असल्यास काही ठिकाणी ती त्याच दिवशी होते व दुसरा जुलाब टळतो. मात्र पॉलिप, म्हणजे कोंबासारखी वाढ, दिसली तरी ती हिच्यात काढता येत नाही. वाट अरुंद असेल तर थांबून चालत नाही, आणि जुलाबाचे औषध स्वतःच्या मनाने तर मुळीच घेऊ नये. आधी मलात रक्त सापडले असेल, तर पुन्हा केलेली मलतपासणी निर्दोष आली म्हणून दुर्बीण टाळू नये. गाठ रोज रक्त सोडतेच असे नाही.

आता कर्जत-खालापूरकडे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांची चाळणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. त्यामुळे इथला रुग्ण बहुतेक वेळा त्रास सुरू झाल्यावरच दुर्बिणीपर्यंत पोहोचतो, आणि त्यासाठी अनेकांना मुंबई गाठावी लागते. जुलाबाच्या औषधाचा दुसरा हप्ता साधारणपणे तपासणीआधी चार ते सहा तास घ्यायचा असतो. कर्जत किंवा खोपोलीहून मुंबईला दोन तासांहून अधिक, आणि लोकलला शौचालय नाही! औषध निम्मेच घेऊन कोणी गाडीत बसला, तर त्याला निष्काळजी म्हणणे आम्हांला पटत नाही. वेळ ठरवतानाच घर किती लांब आहे ते सांगावे, दुपारची वेळ मागावी, किंवा आदल्या रात्री रुग्णालयाजवळ नातेवाइकांकडे उतरावे. मधुमेहाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे, तेही तेव्हाच विचारावे.

गुंगी दिली असेल तर परतताना सोबत हवी. घरी आल्यावर पोट कडक होऊन दुखू लागले, ताप आला किंवा बरेच रक्त गेले, तर सकाळच्या लोकलची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे. पॉलिप काढला असल्यास रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो.

रुग्णालय सोडण्यापूर्वी अहवालाची प्रत घ्यावी. दुर्बीण कुठवर गेली, का थांबली, पोट किती साफ होते आणि पुढची तारीख कोणती, या चार गोष्टी तीत लिहिलेल्या हव्यात. नसतील तर तिथेच लिहून मागाव्यात.