क्विंटलच्या बाजारात खंडी

अकोल्या-अमरावतीकडे शेतकरी कापूस क्विंटलनं विकतो. तोच जिनिंगमधून रुई होऊन निघाला की भाव खंडीवर बोलला जातो. खंडी म्हणजे ३५६ किलो. हा अडनिडा आकडा आला कुठून?

आपली जुनी खंडी २० मणांची. पण मणच गावागणिक बदलायचा. इंग्रज व्यापाऱ्यांनी शब्द उचलला, त्याचं 'कँडी' केलं (चघळायची नव्हे!) आणि मुंबईच्या कापूस बाजारात ती आपल्या मापात बसवली: सात हंड्रेडवेट. गंमत अशी, की या हंड्रेडवेटच्या नावात शंभर, पण आत ११२ पौंड. डझन म्हणून तेरा केळी द्यावीत तसं! १४ पौंडांचा एक 'स्टोन', असे आठ स्टोन म्हणजे ११२. त्याची सातपट ७८४ पौंड, म्हणजेच सुमारे ३५६ किलो.

'क्विंटल'चं मूळही लॅटिनमधलं 'शंभर'च. अरबीत 'किंतार' होऊन तो युरोपात परतला. तो मात्र नावाला जागतो.

१९५८ पासून मेट्रिक वजनं आली, मण-शेर गेले, रुईच्या सौद्यात खंडी राहिली. सरकी काढल्यावर कापसाची साधारण एक तृतीयांश रुई उरते. म्हणजे एका खंडीला साडेदहा-अकरा क्विंटल कापूस लागतो. रुईचा भाव वाचताना एवढा हिशेब जरूर करा.