मार्केटिंग शिकताय? संग्रहालयात इंटर्नशिप करून बघा!

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली खुलं झालं. पुढे वास्तूची पार रया गेली. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले आणि त्यांनी ती सावरली. २००५ मध्ये जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला!

अशा कामांना पैसा लागतो, आणि इंटर्नचं मार्केटिंग इथेच कामी येतं. निधी उभारणं म्हणजे नुसतं हात पसरणं नव्हे. कंपनी कायदा, २०१३ नुसार वारसा आणि कलेच्या जतनावरचा खर्च कंपन्यांना सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरता येतो. इंटर्नने प्रस्ताव लिहिताना ‘संस्कृती जपूया’ असं मोघम लिहून भागत नाही. नेमकी कोणती वस्तू, डागडुजीचा खर्च किती, ती बघायला कोण येणार, हे मांडावं लागतं. सोबत शाळांच्या सहलींसाठी पत्रं, प्रदर्शनांच्या पोस्ट. मला विचाराल तर खरं शिक्षण प्रस्ताव लिहिण्यातच आहे. पहिला मसुदा क्युरेटरना जरूर दाखवा.